बोटभर जागा

दारव्हा,
१० ऑक्टोबर १९६३

प्रिय जमनी,

“बाईसाहेब, याले हालू द्या. याले जखडून टाकलं तं हा दुसरीकडं तुटीन.” सात वर्षांपूर्वी आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीशी उभं राहून तुझे वडील मला हे म्हणाले होते. ‘याले’ म्हणजे कापसाच्या जिनिंगच्या वाफेच्या पाइपाला. मी हसून म्हटलं, धावजी, तुम्ही तर पाइपाचे वकील झालात. तर म्हणाले, “मंग काय बाई, त्याले तोंड आहे कुठं?”

तू यवतमाळला ट्रेनिंग कॉलेजात गेलीस, हे आमच्या चौकीदारानं, उकंडानं सांगितलं. वडिलांची भाकर घेऊन तू तांड्यावरून यायचीस आणि ती देऊन झाली की माझ्या ओट्यावर पाटी घेऊन बसायचीस. ‘ज’ काढताना त्याचं पोट फार मोठं करायचीस. आता मुलांना शिकवशील. मला बरं वाटलं.

तो पाइप तुला आठवत असेल. बॉयलरमधून निघून आमच्या भिंतीलगत यायचा आणि कोपऱ्यावर वळून इंजिनाकडे जायचा. इंजिन सुरू झालं की तो थरथरायचा आणि त्याच्याबरोबर आमची भिंत. फळीवरची पितळी भांडी दिवाळीपासून होळीपर्यंत दिवसभर वाजायची. हे मॅनेजर, त्यामुळे घर सोडून जायची सोय नाही. माझं कपाळ दुपारपर्यंत ठणकायला लागायचं. एकदा मी धावजींना म्हटलं, भिंतीत पक्का का बसवत नाही? तेव्हा त्यांनी मला ते वळण दाखवलं. तिथे पाइप आणि भिंत यांच्यामध्ये बोटभर जागा होती. वाफ आली की लोखंड तापून लांबतं, त्याला सरकायला एवढी तरी जागा हवी, असं ते म्हणाले. रोज सकाळी वाफ सोडण्याआधी ते उजव्या हाताचं बोट त्या फटीत घालून बघायचे. बाकीचे फिटर त्यांची थट्टा करायचे. “धावजी, नाडी लागली का?” असं अमरसिंग ओरडायचा.

आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच साली हंगामात बॉयलरजवळचा जोड फुटला. धावजींच्या उजव्या हातावर वाफ आली. त्या हाताची बोटं पुढे कधी वळली नाहीत, हे मी तुला सांगायला नको. चौकशी झाली. जोड नीट कसला नव्हता, असा शेरा बसला आणि खाली यांची सही झाली. धावजी एवढंच म्हणाले, “म्या कसला होता साहेब.” त्यानंतर कुठल्याच जिनिंगनं त्यांना दारात उभं केलं नाही. यंत्रावरचा माणूस कोरडवाहू शेतात गेला. तूही माझ्याकडे यायची थांबलीस. मी बोलावलं नाही.

यंदा नवा बॉयलर आला आहे, नवे पाइपही. भिंतीचा गिलावा पडतो म्हणून नव्या फिटरनं त्याच वळणावर लोखंडी पट्टे आवळून पाइप भिंतीला बांधून टाकला. परवा ते पाहून मी यांना म्हटलं, तिथे बोटभर जागा लागते. हे म्हणाले, “तुला काय कळतं त्यातलं?” तेव्हा मला काय कळतं ते मी सगळं सांगितलं. यांनी हातातला अडकित्ता तसाच खाली ठेवला. सुपारी कातरली नाही. मग म्हणाले, आता ते उकरून कुणाचं भलं होणार? पट्टे मात्र काल काढवले.

यांना सांगितलं ते तुला आधी सांगायला हवं होतं. त्या साली बाजाराच्या दिवशी जिनिंग बंद होतं, पाइप गार होता. मी पाटावर चढले, चुलीसाठी फोडलेल्या बाभळीच्या दोन ढलप्या त्या फटीत घातल्या आणि वरवंट्यानं ठोकून बसवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी धावजींना बॉयलरवरून हाक आली होती, म्हणून ते वळणाकडे आले नाहीत. इंजिन सुरू झालं आणि भांडी वाजली नाहीत. त्या शांततेत मी चहा घेतला. कप अर्धा झाला असेल, तेवढ्यात तो आवाज झाला. सगळे बॉयलरकडे धावले. मी मागच्या दारानं जाऊन ढलप्या पाडल्या आणि चुलीत सारल्या. त्या दिवशीचा स्वयंपाक त्यांच्यावर झाला. दिवाळीला घरी आलीस की हे पत्र वडिलांना वाचून दाखव, एकही ओळ गाळू नकोस. दिवाळीनंतरच्या सोमवारी नव्या बॉयलरची पहिली वाफ सोडायची आहे. सगळे मजूर आणि फिटर असतील, तेव्हा त्यांच्यासमोर मी हे बोलणार आहे. धावजी यायला ‘नाही’च म्हणतील आणि त्यांचं बरोबर असेल. तरी त्यांना एवढं विचार, वाफ सोडण्याआधी त्या वळणावर ते एकदा बोट घालून बघतील का?

तुझीच,
मैनाकाकू