बिनहाराचा दुसरा डबा

मोशी,
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

प्रिय ताई,

तुला आणि दाजींना नमस्कार, अप्पांच्या पाया पडते. इकडे समर्थ आणि मी मजेत. अप्पांवरून बोलणं झालं आणि ‘तुला त्यांचं काय माहीत?’ म्हणून तू फोन आपटलास, तेव्हापासून उचलत नाहीस. म्हणून पत्र. हे काही तुला कट करता येणार नाही.

आधी माझी फुशारकी ऐक.

चाकणला आमच्या कंपनीच्या गेटवर गाड्या भरताना पोरं खोकी स्कॅन करतात. त्यांची सगळी जोडणी एका डब्यातून आत जाते आणि तो काम पाच सर्व्हरांत वाटून देतो. लोड बॅलन्सर म्हणतात त्याला. तो बंद पडलाच तर शेजारी दुसरा तयार. पण मागे खरंच बंद पडला तेव्हा दुसरा उभा राहिला खरा, मात्र कुणाचं काय अर्धवट चाललंय याचा त्याला पत्ताच नव्हता. सगळे बाहेर फेकले गेले, अर्धी भरलेली गाडी पुन्हा पहिल्या खोक्यापासून, आणि गाड्यांची रांग पार रस्त्यावर. तरी आमचे मालोजीसाहेब म्हणतात, ‘दुसरा आहे ना राव, अजून काय पाहिजे?’

मी हट्टाला पेटले. चालू असलेली प्रत्येक जोडणी पहिल्याने दुसऱ्याला सतत कळवत राहायची, अशी सोय उन्हाळाभर खपून केली. साहेबांच्या मते नसती उठाठेव.

बुधवारी खंडेनवमी. त्या दिवशी इथे पान्यालासुद्धा हळदकुंकू लागतं. मेंटेनन्सच्या भिमाजीकाकांनी पहिल्या डब्याला मनगटाएवढा जाड झेंडूचा हार घातला. हवा घ्यायची जाळीच बुजली! दुसऱ्याला नुसतं कुंकू. ‘ह्यो तर बसून खातोय, ह्याला कशापायी हार?’

मी खाली पेढे वाटत होते. मोबाइलवर मेसेज आला, पहिला तापून बंद. पळत गेटवर गेले आणि स्कॅन करणाऱ्या प्रीतमला विचारलं, ‘कुणाकुणाचं तुटलं?’

‘काय तुटायचंय, मॅडम? एवढी गाडी भरली की चहाला जातो.’

कुणाला कळलंही नव्हतं! मी तिथेच, सगळ्यांसमोर, आनंदाने रडले. मालोजीसाहेबांनी स्वतः दुसऱ्या डब्यासाठी हार आणला. मी तो दारावर टांगायला लावला. भिमाजीकाका मात्र बिचारे खजील. ‘आमी मायेनं घातला गं, पोरी,’ म्हणाले. त्यांनाच मी दोन पेढे जास्त दिले.

आता दाजींवर चिडू नकोस. त्यांनीच सांगितलं. पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन तू दोनदा पुढे ढकललंस. का, तर अप्पांना सोडून दवाखान्यात पडायचं कसं? परक्यासारखं मला हे दुसऱ्याकडून कळलं, फार लागलं.

पण तुझं बोलणं खरं आहे. पक्षाघातानंतर अप्पा कोणत्या कुशीवर निजतात, कोणती गोळी थुंकून टाकतात, बोलता येत नसताना पाणी कसं मागतात, त्यांची लेक असून मला काही ठाऊक नाही. तुला सगळं तोंडपाठ. तुझी बहीण म्हणवून घ्यायला मला अभिमानच वाटतो. तो एवढ्यासाठीही वाटायला हवा का, की दुखणं दाबून तू उभी आहेस? नाही वाटत, जा.

मी महिन्याची रजा घेतली आहे. साहेब म्हणाले, ‘तुमच्यामागे इथे कोण?’ म्हटलं, पूनम. तिला रोजचं सगळं आधीपासून सांगत आलेय. समर्थलाही घेऊन येते. त्याच्या शाळेला दिवाळीची सुट्टी लागली की निघते.

पहिले आठ दिवस तू कर, मी नुसती बघेन. मध्ये तोंड घालणार नाही, समर्थची शपथ. मग तू दवाखान्यात जा. त्या सकाळी अप्पांनी पाणी मागितलं, तर ते मला कळलं पाहिजे. तेवढं शिकव.

तुझ्या हाताखाली यायला निघालेली,
वर्षाली