कल्पाक ज्याच्या डोक्यावर

बिश्केक, शुक्रवार, जेवणाची सुट्टी

आदरणीय कुबात बाइके यांना धाकट्या तिलेकचा सलाम पोचो.

तुम्ही बरे आहात ना, वहिनी बऱ्या आहेत ना, पोरं-जनावरं सुखरूप ना, लाल गाय व्याली का, घाटात गाडी ढकलताना धरलेला गुडघा सुटला का, आणि घेवडा कसा आहे? (घेवड्याचं शेवटी विचारलं म्हणून रागावू नका. तो विषय मी मुद्दाम जरा लांब ठेवलाय.) आम्ही इथे ठीक आहोत. बायको ठीक आहे, सासूबाई आमच्याकडेच आहेत, त्यामुळे त्याही ठीक आहेत. फोन न करता कागद का लिहितोय, असं तुम्हाला वाटेल. तर फोन करावा, तर बेकतुर समोरच्याच टेबलावर बसतो, आणि मेल लिहावी, तर ती कुठे ना कुठे शिल्लक राहते. कागदाचं बरं असतं, वाचून चुलीत घालता येतो. (हा घालाच.) तलासच्या गाडीवाल्याच्या हाती देतोय. त्याला चहा पाजा, पण पत्रात काय आहे ते सांगू नका.

बाइके, तुम्ही नोकरी सोडून घेवडा लावायला गेलात तेव्हा आम्ही सगळे तुम्हाला हसलो होतो. आता मी हसत नाही. तुमच्या शेतात जे उगवतं ते तुमचंच असतं. शेजारचा कुणी येऊन सगळ्या शेंगा एकदा सरळ करून ठेवतो आणि त्यानंतर त्या त्याच्या होतात, असं तुमच्याकडे होत नाही. आमच्याकडे झालं. तेच सांगायला बसलोय.

बेकतुर म्हणजे तोच, तुम्ही गेल्यावर तुमच्या जागेवर आलेला, खाजगी कंपनीतून. माणूस वाईट नाही, आणि मला तेच सहन होत नाही. वाईट असता तर दोन-चार ठिकाणी बोललो असतो, पोट हलकं झालं असतं. पण हा सकाळी येतो, सगळ्यांच्या आधी माझ्याशी हात मिळवतो, तिलेक बाइके म्हणतो, थोरल्या भावासारखा मान देतो, माझ्या सासूची चौकशी करतो, आणि मग बसून अर्ध्या दिवसात ते काम उरकतो ज्याला मी आठवडा लावतो (नीट करायचं तर आठवडा लागतोच). त्याचा पडदा काळा, त्यावर रंगीत अक्षरं. माउसला हात लावत नाही. कोमुझ वाजवल्यासारखी बोटं चालतात. त्याच्या कळफलकाचा एक छान टकटक आवाज येतो, तो ऐकून आपल्या साहेबीण सालतानत एजे खूश होतात, म्हणतात काम चाललंय हे कळतं तरी. मी हट्टाने तसलाच कळफलक मागवला, तर मला म्हणाल्या, तिलेक, जरा हळू, डोकं दुखतंय. आता तर असंही एक सॉफ्टवेअर निघालंय की आपण अर्धी ओळ लिहिली की उरलेली ते सुचवतं. बेकतुरला पानंच्या पानं सुचवतं. मी लिहायला लागलो की गप्प बसतं. मी सरळ सांगतो, मला त्याचा हेवा वाटतो. त्याच्या खुर्चीचासुद्धा वाटतो.

आपली जुनी पद्धत तुम्हाला आठवत असेलच. आठवत असेल म्हणजे काय, तुम्हीच काढलेली. खुंटीवर एक पांढरा कल्पाक टांगलेला. ज्याच्या डोक्यावर ती टोपी, त्याच्या हातात गावोगावच्या पाटांना पाण्याच्या पाळ्या लावणारा आपला प्रोग्रॅम. बाकीच्यांनी हात मांडीवर ठेवून बसायचं. किती साधं होतं. एका टोपीत दोन डोकी जात नाहीत, त्यामुळे एकाच फाइलवर दोघांनी एकदम लिहून घोळ घातलाय असं कधी झालं नाही. उन्हाळ्यात कपाळावरून घामाच्या धारा लागायच्या, त्यामुळे कुणी फालतू बदलही करत नसे. काम झालं की सगळ्याची एक नक्कल वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि फोल्डरला माणसाला समजेल असं नाव: ‘नोरुझच्या आधीचं’, ‘एजे रजेवरून आल्यावरचं’, ‘हे चालतं, हात लावू नये’. तुम्ही एकदा डोक्यावर कल्पाक तसाच ठेवून तलासला लग्नाला गेलात आणि आठवडाभर आम्ही सगळे चहा पीत बसलो. त्या आठवड्यात कुणी एका अक्षराला हात लावला नाही (निदान उघडपणे). मी म्हणतो, जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांनी ही शिस्त बघून शिकायला हवं होतं.

बेकतुरने कल्पाक पाहिला, हसला नाही (हसला असता तर बरं झालं असतं), म्हणाला, फार सुंदर पद्धत आहे, ती ठेवूच, पण जोडीला एक गोष्ट बसवतो. आणि त्याने ते आवृत्त्या राखणारं सॉफ्टवेअर बसवलं. कोणती ओळ कुणी लिहिली, कधी लिहिली, आधी तिथे काय होतं, सगळं ते लक्षात ठेवतं आणि विचारल्याबरोबर सांगतं. मी मनातल्या मनात त्याचं नाव चहाडखोर ठेवलंय. तर या चहाडखोरात आपला सगळा प्रोग्रॅम पहिल्यांदा भरला कुणी? बेकतुरने. मग त्याने सगळ्या ओळींचे समास सरळ केले. झालं. आता कुठलीही ओळ दाखवा आणि विचारा हिचा बाप कोण, चहाडखोर म्हणतो बेकतुर. पाळ्यांचा हिशोब? बेकतुर. पाटांची लांबी? बेकतुर. आपण दोघांनी भांडून भांडून लिहिलेला तो बर्फाचा (किती वितळून किती पाणी येईल त्याचा) तक्ता, ज्यापायी तुम्ही मला चहाचा पेला फेकून मारला होतात, तोही बेकतुर. आपल्याकडे पोरगं बोलायला लागलं की त्याच्याकडून सात पिढ्यांच्या बापांची नावं घोकून घेतात, आणि इथे एवढ्या मोठ्या प्रोग्रॅमला एकच बाप, तोही परवा आलेला.

तरी मी गिळलं असतं. पण तेवढ्यात वरून परिपत्रक आलं. (परिपत्रकांबद्दल माझं मत तुम्हाला ठाऊकच आहे. मागच्या वेळी सगळ्या फाइलींची नावं राजभाषेत करा म्हणून हुकूम आला, आम्ही केली, तर त्या फाइली एकमेकींना जुन्या नावाने हाका मारत बसल्या आणि दोन दिवस कुठल्याच पाटाला पाळी लागली नाही. त्याआधी अख्खा प्रोग्रॅम कागदावर छापून प्रत्येक पानावर शिक्का मारायला सांगितलं होतं. ते गठ्ठे अजून जिन्याखाली आहेत, मांजर त्यात व्याली. धोरण ठरवणारा कधी त्या जिन्याखाली वाकत नाही.) नवीन परिपत्रक असं की प्रत्येक सरकारी प्रोग्रॅमची कोणती ओळ कुणाची याची नोंद हवी, आणि ज्याच्या ओळी जास्त तो मुख्य रचनाकार. एजेंनी चहाडखोराला विचारलं. त्याने जे सांगायचं तेच सांगितलं.

आणि त्याच आठवड्यात जेवण. आपला प्रोग्रॅम सगळ्या प्रांतांना लागू झाला म्हणून खात्याने मेंढी कापली. बाइके, मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. कंबरेचं मानाचं हाड, जाम्बाश, माझ्याकडे येणार, वयानेही येणार आणि कामानेही, यात मला शंकाच नव्हती. नवीन सदरा घातला होता. एजे उठल्या, परिपत्रकावर दोन शब्द बोलल्या, आणि जाम्बाश ठेवला बेकतुरच्या पुढ्यात. माझ्या ताटात पुढच्या पायाची नळी आली, जी आपण पोरासोरांना देतो. सगळं टेबल ताटात बघायला लागलं. आणि आता ऐका त्या माणसाने काय केलं. तो उठला, ताट दोन्ही हातांनी उचलून माझ्यासमोर आला आणि म्हणाला, “तिलेक बाइके, हे तुमचं आहे. मी फक्त पसारा आवरला.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं नको. तो म्हणाला घ्याच. मी परत सरकवलं, त्याने पुन्हा माझ्याकडे, असं ते हाड टेबलावर फिरत राहिलं, आणि शेवटी हिशेबनीस बाई म्हणाल्या की गार होतंय, आणि त्यांनी खाल्लं. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, कोणतं हाड मिळालं? मी पाव मागितला. त्यांना ते बरोबर कळलं.

मग मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला गेल्यावर मी उठून दाराला कडी लावली, खुंटीवरचा नवा कल्पाक डोक्यावर चढवला (जुना तुम्ही परत आणलाच नाहीत, असो), म्हणजे रीतीप्रमाणे प्रोग्रॅम माझ्या हातात आला. चहाडखोराचा इतिहास बदलता येतो, हे मी वाचून ठेवलं होतं. जिथे जिथे बेकतुर तिथे तिथे तिलेक, एवढंच करायचं होतं. आज्ञा दिली. त्याने इंग्रजीत विचारलं, नक्की ना? मी हो म्हटलं. (एकदाच विचारणाऱ्या हत्यारावर माझा विश्वास नाही. माझी बायको तीनदा विचारते.) काय झालं ते मला अजून नीट कळलेलं नाही, पण बेकतुरचं नाव गेलं हे खरं. त्याच्याबरोबर प्रोग्रॅमही गेला. आणि सगळ्यांच्या मशीनवर नवं ते आपोआप उतरावं अशी सोय बेकतुरनेच करून ठेवलेली, त्यामुळे जेवून आलेल्या माणसांना सगळीकडे स्वच्छ मोकळं मैदान दिसलं. मी दाराची कडी काढली होती, पण कल्पाक काढायला विसरलो होतो. कुणी केलं हे विचारण्याची गरजच पडली नाही.

बेकतुर ओरडला असता तर मी त्याला जन्मभर माफ केलं असतं. तो म्हणाला, घाई झाली असेल, होतं असं, माझ्या लॅपटॉपवर नक्कल आहे. मग म्हणाला, नाहीतरी सगळं मोकळंच झालंय, तर यावेळी मुळापासून लावू. आणि तो माझ्या जुन्या मशीनसमोर बसला. ‘नोरुझच्या आधीचं’पासून एकेक फोल्डर उघडून, तारखा बघून, मला विचारून विचारून, ज्याची ओळ त्याच्या नावावर त्याने पुन्हा चढवली. आता चहाडखोराला विचारा. तिलेक. तिलेक. कुबात. तिलेक. बर्फाच्या तक्त्यावर आपण दोघे शेजारी शेजारी आहोत. बेकतुरच्या नावावर उरले नुसते समास. एजेंनी मला मुख्य रचनाकार केलं, कागद चौकटीत घालून दिला, सासूबाईंनी तो स्वतः भिंतीवर लावला. मला आनंद झाला, नाही म्हणत नाही. पण तो मनाचा मोठेपणासुद्धा त्याचाच निघाला, हे मला रात्रंदिवस टोचतं.

असो. माणसाचं काम माणसाच्याच नावावर राहिलं पाहिजे, चांगलं असो वाईट असो, यावर माझा आता ठाम विश्वास बसलाय. वहिनींना सलाम, पोरांचे मुके, लाल गाईला थोपटा.

तुमचा धाकटा,
तिलेक (मुख्य रचनाकार)

ता. क. घेवड्याचं लिहायचं राहिलं. गेल्या उन्हाळ्यात कुरमान आइतच्या, कुर्बानीच्या सणाच्या दिवशी तुमच्या गावाची पाण्याची पाळी आली होती आणि ती चुकली, घेवडा उभ्याउभ्या वाळला, आणि तुम्ही फोनवर विचारलंत हे कुणाचं काम, तेव्हा मी नव्या माणसाचं असं म्हणालो होतो. ते जरा घाईत म्हणालो. सणाच्या दिवशी पाळी आली तर गावाला दुसऱ्या दिवशी पाणी द्यायचं, पण एक ओळ अशी निघाली की ती गावाला थेट रांगेच्या शेवटी नेऊन बसवते. बेकतुरने ती सुधारली. आता सोमवारी वरून चौकशीची माणसं येतायत आणि ती चहाडखोराला विचारणार आहेत की ही ओळ कुणाची. तो माझं नाव सांगतो.

दुसरा ता. क. आता शांतपणे वाचा. ती ओळ ज्या दिवशी लिहिली गेली तो दिवस म्हणजे तुम्ही लग्नाला गेला होतात त्या आठवड्यातला. एजेंना काम लगेच हवं होतं, म्हणून मी उघड्या डोक्याने लिहिली. पण कल्पाक त्या दिवशी तलासमध्ये तुमच्या डोक्यावर होता, आणि कल्पाक ज्याच्या डोक्यावर प्रोग्रॅम त्याच्या हातात, हा नियम तुमचाच. तेव्हा नीट पाहिलं तर ती ओळ तुमची होते. बेकतुर म्हणतो नाव बदलता येईल, पण त्या माणसाची लेखी संमती हवी. चार ओळी खरडून याच गाडीवाल्याच्या हाती पाठवा. तुमचा स्वतःचाच घेवडा वाळलाय, तुम्हाला कोण काय बोलणार? (गावात मात्र सांगू नका.)

तिसरा ता. क. बेकतुर आत्ताच चहा घेऊन आला. म्हणाला, बाइके, काळजी करू नका, ती ओळ माझ्या नावावर टाका, मी नवीन आहे, मला खपून जाईल. मी नाही म्हटलं. उद्या सगळं खातं म्हणेल, बघा, दुसऱ्याची चूक स्वतःवर घेतली, केवढा माणूस. तो मान मी त्याला मरेपर्यंत मिळू देणार नाही. त्यापेक्षा तुमच्या नावावर गेलेली बरी. तुम्ही घरचे आहात.