कॅसेट ७७, टाकव्याची पाठवणी

सोम., ४ ऑग.
आज ११ कॅसेटी. ६६ ते ७६. कॅसेटींच्या नोंदवहीत तोच मसाला: हळद, अक्षता, पंगत, रुसलेला मामा. कुसगावच्या या ओल्या हवेनं निम्म्या कॅसेटींना बुरशी, म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवल्यात. हे म्हणतात, "एक दिवस भातात नवरी निघेल." लग्नं ह्यांनी शूट केलेली, एडिटिंग माझं. आता ह्यांचे हात थरथरतात, तेव्हा सगळं डिस्कवर उतरवायचं काम माझ्याकडेच. कॅसेटी लावायला कॅमेरा एकच चालू उरलाय आणि तोही मधूनच फीत खातो. प्रत्येक कॅसेट देवाचं नाव घेऊन आत ढकलते. भित्री ती भित्रीच मी.

मंगळ., ५
दुपारी टाकवे बुद्रुकचे आबा आले. आधी ओळखलंच नाही. त्यांच्या मुलीचं, सुरेखाचं लग्न आम्ही शूट केलं होतं. सुरेखा गेल्या दिवाळीत गेली. कावीळ. ऐकून तुटलंच आत.

आम्ही दिलेली डीव्हीडी घेऊन आले होते. पाठवणीला थांबवायला लावली. गाडीत बसता बसता सुरेखा मागे वळते, आबांशी काहीतरी बोलते. आणि वर सिनेमाचं गाणं. तेव्हा आम्ही असंच करायचो, मूळ आवाज काढून गाणं चढवायचो. लोकांनाही तेच हवं असायचं.

"त्वांड हलतंय बगा, वहिनी. बँडात मला कायबी ऐकू आलं न्हाई. मागनं इचारू म्हनलं, ते ऱ्हाऊनच गेलं. तुमच्याकडं मूळ आसंल न्हवं?"

बघते म्हणाले. रविवारी बोलावलंय.

उठताना म्हणाले, "सतरा वर्सं नांदली. कदी तक्रार न्हाई. सुकात होती, तेवडंच समाधान."

ते गेल्यावर डबा उघडला. कॅ. ७७. लेबलवर लाल टिपका.

बुध., ६
टिपक्याचा अर्थ या घरात दोघांनाच ठाऊक. डीव्हीडी दिली की कॅसेट पुन्हा वापरायची. लग्नसराईत कोऱ्या मिळायच्याच नाहीत. कुठल्या कॅसेटवर पुन्हा घ्यायचं ते मी ठरवायचे, टिपका मी द्यायचे, आणि लेबल बदलायचा मात्र कंटाळा. म्हणजे सुरेखाचा आवाज पुसला असेल तर तो मीच...

ह्यांना विचारलं, ७७ वर नंतर काय घेतलं?
"मला काय आठवतंय! कुरवंड्याचं बारसं असेल."

कॅसेट हातात घेऊन तासभर बसले. लावली नाही. लावत नाही तोवर आवाज आहे असं धरून चालता येतं.

गुरु., ७
लावली.
०:०० कुरवंडे. बारसं.
०:१२ बायका पाळणा म्हणतायत.
०:२५ घुगऱ्या वाटप.
देवा, पुढचं तरी राहिलेलं असू दे. आबांना काय तोंड दाखवू? तुमच्या मेलेल्या मुलीवर मी कुणाच्या तरी घुगऱ्या वाटल्या, असं सांगू?
०:३८ चित्र फाटलं. निळं. कॅमेऱ्यातून करकर.

झाकण उघडलं तर फीत बाहेर, वीतभर चुरगळलेली. बोटानं फिरकी फिरवत कशीबशी आत घेतली. हे दारात उभे होते. "आज राहू दे," एवढंच म्हणाले. एरवी ओरडले असते. त्यांना असं हळू बोलताना ऐकून मी जास्तच घाबरले.

शुक्र., ८
सकाळी आंघोळ करून, देवाला हात जोडून लावली. चुरगळलेल्या भागाच्या पुढून.
०:३९ टाकवे. मांडव!
बारसं तिथंच संपलंय, पुढं लग्न जसंच्या तसं. रडूच फुटलं मला.
०:५२ पाठवणी. ह्यांना पाठवणीत कॅमेरा अगदी नवरीच्या तोंडाशी न्यायची खोड. त्यावरून किती भांडलेय मी. पण त्यामुळेच बँडमधूनही शब्दन् शब्द स्वच्छ.

सुरेखा वळते. रडत नाहीये.
"आबा, मला न्हाई जायाचं. मला हितंच ठिवून घ्या."
आबा तिच्या पाठीवर थोपटतात. "व्हय, व्हय," म्हणतात. गाडीचं दार लागतं.

डिस्कवर उतरली. नोंदवहीत लिहिलं: पाठवणी, वधू व वडील. बोलण्याचा रकाना मी एरवी कधी सोडत नाही. आज सोडला.

शनि., ९
ह्यांना ऐकवलं.
"अगं, सगळ्याच म्हणतात. आयुष्य गेलं माझं पाठवण्या घेण्यात."
रडत म्हणतात हो, म्हटलं. ही रडत नव्हती.
मग म्हणाले, "पुसलं गेलं म्हणून सांग. बारसं आहेच दाखवायला."

आहेच. काल सकाळपर्यंत पुसलेलं नसू दे म्हणून देवाला साकडं घालत होते, आज वाटतंय, एवढी एक कॅसेट पुरती पुसायला काय झालं होतं मला! आबा त्या "सुकात होती"वर उभे आहेत. ते त्यांच्या पायाखालून मी काढून घेऊ? आणि नाही ऐकवलं, तर तिनं वडिलांना सांगितलेलं मी दाबून ठेवणारी कोण? ती माझ्याशी बोलली नव्हती.

जेवण गेलं नाही. उद्या पाऊस लागावा, घाट बंद व्हावा... पण टाकव्याहून यायला घाट लागत नाही.

रवि., १०
आले. बरोबर मावशी, सुरेखाची आई. त्या येतील असं वाटलं नव्हतं.

ह्यांनीच सुरुवात केली, "आबा, त्याचं असं झालं, त्या कॅसेटवर नंतर एक बारसं घेतलं गेलं..." आणि माझ्याकडे बघितलं. पुढचं मी म्हणायचं होतं. मी चहाचं निमित्त करून स्वयंपाकघरात पळाले. पाठोपाठ पाणी प्यायला म्हणून मावशी.

"वहिनी, घावलं न्हवं तुमाला?"
नाही म्हणायचं घोकलं होतं. पण मान ‘हो’ म्हणून हललीच.
"मला ठावं हाय काय म्हनली आसंल ती. हळदीच्या दिशी मलाबी म्हनली व्हती. मी म्हनलं, गप, समद्याच जात्यात. ह्यांच्या कानावर कदी घातलं न्हाई."
पदरानं तोंड पुसलं. "ह्यांना नगा ऐकवू. न्हाई सोसायचं त्यांना."
दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या.
"मला ऐकवा. एकडाव."

मावशी बाहेर जाऊन आबांच्या शेजारी बसल्यात. चहा उकळतोय, तेवढ्यात ओट्यावर वही ठेवून हे लिहितेय. काय करू ते मला कळत नाही. ह्यांचं बारशाचं पुराण अजून चालू आहे, आणि आबांचा आवाज येतोय,
"बारसं आसंल तर आसू द्या की. त्याच्या म्होरलं लावा. मी दिसभर बसतो."