रिलिव्हर येईपर्यंत

धम्मपाल,
जयभीम.

थेरगावची आपली खोली विकायला तू एजंट गाठलास, हे सूनबाईकडून कळलं. मी विकणार नाही. हे पत्रही धाडणार नाही, कारण वाचून तू मोबाईलवर नुसता अंगठा पाठवशील.

जानेवारीत रिटायर झालो आणि दुसऱ्याच सकाळी सवयीने चाकणच्या कंपनी बसमध्ये जाऊन बसलो. सगळे हसले, मीही हसलो. एप्रिलमध्ये तुझी आई गेली. मग सहा महिने वाकडला तुझ्या चौदाव्या मजल्यावर काढले. तुम्ही काही कमी केलं नाहीत, पण तिथे माझ्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं.

इथे थेरगावात परत आलो, इथे अडतं. विहारातली अभ्यासिका तुझी आई रोज पहाटे साडेपाचला उघडायची. ती गेल्यावर कुलूपच होतं. पोलीस भरतीचा अभ्यास करणाऱ्या पोरी बाहेर पायरीवर बसून वाचायच्या. आता मी उघडतो.

कंपनीत बत्तीस वर्षं एक नियम पाळला. पुढच्या शिफ्टचा रिलिव्हर आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. तुझ्या आईचा रिलिव्हर मीच होतो आणि सहा महिने उशिरा पोचलो. आता हलणार नाही.

माझ्या जागी तू उभा राहणार असशील तर पहाटे साडेपाचला ये. अभ्यासिकेची चावी हातात देतो, मग खोली खुशाल विक.

तुझे पप्पा,
भीमराज