‘इतर’ लिहिलेला ट्रे

प्रिय मख्खे,

परवा फोनवर तू विचारलंस, लोक माझ्याबद्दल काय म्हणतायत. मालिकेच्या दुसऱ्या पर्वात तू आहेस की नाही हे अजून कोणी कळवलं नाही, हेही जाता जाता बोललीस. फोनवर मी धड बोललो नाही, म्हणून हे कागदावर. वाहिनीच्याच कागदावर, कारण आता मला त्यांची भीडभाड उरलेली नाही.

आधी प्रेक्षकांबद्दल बोलतो, नाहीतर माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. एवढा मोठा विनोदवीर, त्याच्या आयुष्यावर मालिका, आणि या लोकांना दिसली काय, तर मिशी. खऱ्या माणसाची मिशी उजवीकडे जराशी झुकलेली होती म्हणे, तुमच्या नटाची सरळ आहे, जाहीर माफी मागा. एक निवृत्त मुख्याध्यापक दर सोमवारी चार पानं पाठवतात आणि चौथ्या पानावर कळवतात की आपण ही मालिका पहिल्याच भागानंतर सोडली. एका शिंप्याने लिहिलंय, त्यांचे शर्ट मी शिवायचो, खिसा उजवीकडे लागायचा त्यांना. हे एक मला आवडलं. बाकीच्यांना एका खोलीत कोंडून एकमेकांची पत्रं वाचायला लावावीत.

माझं काम तुला ठाऊक आहे. आलेलं पत्र वाचायचं आणि तीन ट्रेंपैकी एकात टाकायचं: ‘कौतुक’, ‘तक्रार’, ‘इतर’. माझा मुलगा छान गातो, आमच्या गल्लीत शूटिंग करा, रिमोट चालत नाही, असलं सगळं ‘इतर’मध्ये. शुक्रवारी पहिल्या दोन ट्रेंचा गोषवारा निर्मातीबाईंच्या टेबलावर जातो. तिसरा ट्रे कोणी उघडत नाही.

आणि मग तुझा चौथा भाग आला. मी तो ऑफिसातल्या छोट्या टीव्हीवर उभ्यानेच पाहिला. विनोदवीर कार्यक्रम गाजवून घरी येतो, नवा विनोद तुला, त्याच्या बायकोला, ऐकवतो. तू त्याच्या शर्टाचं बटण लावत बसलेली. हसत नाहीस. फक्त म्हणतेस, परत सांग. तो दोन शब्द कमी करून परत सांगतो. तरी नाही. तिसऱ्यांदा सांगतो, तेव्हा तू दातांनी दोरा तोडतेस आणि शर्ट त्याच्या हातात देतेस, आणि त्याला कळतं की आता जमलं. कॉलेजात मी विंगेत संहिता धरून उभा असायचो, तू कधी एक शब्द विसरली नाहीस, म्हणून मला तुझ्याकडे बघण्याशिवाय काम नसायचं. तेव्हापासून तुझा हा मख्ख चेहरा मला पाठ आहे. पण हे काहीतरी वेगळंच होतं.

दुसऱ्या दिवशी पत्रांचा ढीग. ही कोण खडूस बाई? आमचा माणूस जीव तोडून हसवतोय आणि ही ढिम्म. हिला कोणी घेतलं, हिला काढा. एकाने लिहिलं, माझी बायको अशी वागली असती तर मी तिला माहेरी धाडली असती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायको ही त्याची पहिली प्रेक्षक होती, एवढी साधी गोष्ट ज्यांना कळत नाही ते विनोद कसले बघतात?

तुला आठवतं, प्राचार्यांनी तुझं नाटक बंद पाडलं, तेव्हा मी त्यांच्या खोलीत जाऊन आरडाओरडा केला आणि कॉलेजला रामराम ठोकून बाहेर आलो. तू शांतपणे परीक्षा दिलीस. नंतर मला एवढंच विचारलंस, मी सांगितलं होतं का तुला भांडायला? मला वाटलं होतं, तू खूश होशील.

या वेळीही तू सांगितलं नव्हतंस. ती सगळी पत्रं मी ‘इतर’मध्ये टाकली. तुला शिव्या देणारं एकही पत्र कोणाच्या हाती लागू नये म्हणून. पहिली ओळ वाचायची आणि टाकायचं, चार आठवडे. गोषवाऱ्यात विनोदवीराबद्दल पानंच्या पानं, बायकोबद्दल एक अक्षर नाही. काल निर्मातीबाई बैठकीत म्हणाल्या, बायकोचा कोणावर काहीच परिणाम झालेला नाही, दुसऱ्या पर्वात तिला भिंतीवरच्या फोटोपुरती ठेवू. मी उठलो आणि अख्खा ट्रे त्यांच्या टेबलावर उपडा केला. त्यांनी सात-आठ पत्रं वाचली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, गाढवा, लोक इतके चिडलेत, म्हणजे ही बाई त्यांच्या डोक्यात बसलीय, आणि तू हे दाबून ठेवलंस? माझी नोकरी गेली, शनिवारपासून यायचं नाही. तुझं गुरुवारी लेखकाबरोबर बसून ठरवणार आहेत, शब्द कोणी दिलेला नाही. तू स्वतः ये. माझं नाव घे, सगळं खापर माझ्यावर फोड.

सोबत एका बाईंचं पत्र जोडलंय, तेही त्याच ट्रेमधलं. पहिली ओळ आहे, तुमच्या त्या बायकोचा मला भयंकर राग आला. मी तिथेच थांबलो होतो. काल पुढचं वाचलं. टीव्ही बंद करून त्या लगेच लिहायला बसल्या, कारण त्यांचा नवरा चारचौघांत फार हसवतो आणि घरात त्या कधी हसत नाहीत, का ते त्यांना आजवर सांगता आलं नव्हतं. तुला बघून सांगता आलं. परवा तू विचारलंस तेव्हा मी म्हणालो, तुझ्याबद्दल कोणीच काही लिहिलं नाही. तू नुसतं बरं म्हणालीस आणि फोन ठेवलास. ते खोटं होतं, हे सांगायला हे पत्र.

तुझाच, तू ठेवलंस त्या नावाने,
काडेपेटी