तबार्काला पोचलो नाही

बिझेर्त, मंगळवार

प्रिय तिजानी भाऊजी,

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हे पत्र तबार्काच्या टॅक्सीवाल्याकडे देते आहे. तुमच्या हातातच दे, असं त्याला बजावलं आहे. माझं अक्षर बघून बाजूला टाकू नका. गेल्याच्या आधीच्या शनिवार-रविवारी आम्ही का आलो नाही, ते तुम्हाला कळलं आहे, पण अर्धंच.

शनिवारी पहाटे निघालो तेव्हा वारा पूर्वेचा होता, पाठीमागून वाहणारा, आपण मागून घ्यावा असा. लुत्फी त्याचीच वाट बघत होता. ‘येऊ का’ या त्याच्या निरोपाला तुम्ही नुसतं ‘बघू’ एवढंच उत्तर दिलं होतं, पण तेवढ्यावर त्याने निळा सदरा इस्त्री करायला लावला, दाढी करून घेतली. “दादा नाही म्हणाला नाही, शाद्लिया. त्याच्या भाषेत याला आमंत्रण म्हणतात,” असं म्हणून हसला. सदऱ्याची बटणं मी लावली. तुमच्यासाठी खजुराचे गोड मक्रूद घेतले होते, भाजलेल्या मिरच्या-टोमॅटोचं सॅलड घेतलं होतं. संध्याकाळी तुमच्या धक्क्यावर बसून सगळ्यांनी खायचं, असा बेत होता.

होडी तीच, तुम्ही दोघांनी वडिलांच्या अंगणात बांधलेली. सकाळभर ती इतकी छान चालली की मला उगाच बरं वाटायला लागलं. लुत्फी सुकाणूच्या दांड्यावर कोपर टेकून बसला होता आणि तुमच्याच गोष्टी सांगत होता. तुम्ही त्याला पोहायला शिकवताना धक्क्यावरून ढकलून दिलं होतं आणि मग तो वर येईना म्हणून चपलांसकट स्वतः उडी मारली होती. तो खडकाआड लपून तुमची गंमत बघत होता. “बाहेर आल्यावर असं मारलं मला,” म्हणाला, “आणि मग माझ्यापेक्षा जास्त तोच रडला.” हे तुम्ही कधी कोणाला सांगितलं नसेल.

दुपारी सेर्राचं समुद्रात घुसलेलं टोक दिसायला लागलं आणि वारा पडला. शीड लुळं होऊन लोंबायला लागलं. मग पश्चिमेला पाण्यावर काळपट रेघ उठली. ती काय आहे ते मला त्याच्या तोंडाकडे बघूनच कळलं. बघता बघता वारा समोरून अंगावर आला. तबार्का त्याच्या पलीकडे. आम्ही टोकाच्या आडोशाला एका खाडीत शिरून नांगर टाकला. टाकला मी, तो तोंडाने सांगत होता.

तिथून त्याने तुम्हाला फोन केला. तुमचा आवाज मोठा आहे, भाऊजी, मला सगळं ऐकू येत होतं. “वारा फिरला, दादा,” तो म्हणाला. तुम्ही म्हणालात, “तुझा वारा नेमका माझ्या दारापाशी येऊनच कसा फिरतो रे? आईच्या दफनाच्या वेळीही पडलाच होता.” मग तुम्ही विचारलंत, “जीभ का जड झालीय? प्यायला आहेस का?” आणि तो म्हणाला, “थोडीशी.” तुम्ही फोन ठेवून दिलात.

त्या दिवशी त्याने पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं. पाणीही मी चमच्याने पाजलं होतं.

मी तुम्हाला परत फोन लावायला निघाले. तुमच्या घरापासून ती खाडी रस्त्याने फार लांब नाही, तुम्ही गाडी काढून येऊ शकला असता. त्याने मान हलवून नाही म्हटलं. मुळात मोटारीने जाऊ या, असं मी त्याला कितीदा तरी सांगितलं होतं. त्याचं एकच, “गाडीतून उतरवून ठेवलेलं सामान म्हणून मी दादाच्या दारात जाणार नाही. होडीत मी बसलेला असतो. बसलेला माणूस सगळ्यांसारखाच दिसतो.”

रविवारी सकाळी वारा तसाच होता. तरी तो हटून बसला. निघालो. वाऱ्यात तिरके जाऊन थोडं पुढे सरकायचं, पुन्हा वळायचं, पुन्हा तिरके. लाटा अंगावर फुटत होत्या. शिडाचा दोर त्याने मनगटाला गुंडाळून घेतला होता, बोटांत धरता येत नव्हता म्हणून. एका झटक्यात तो सुटला, शीड फाडफाड आपटायला लागलं, आणि तो दोराकडे नुसता बघत राहिला. मी दोर पकडला, सुकाणूही घेतलं. बराच वेळ तो समोर तुमच्या डोंगरांकडे बघत होता. मग म्हणाला, “फिरव.”

परतताना तोच वारा पाठीमागे आला. होडी कशी पळत होती म्हणून सांगू! त्या वाऱ्याचा मला इतका राग आला की मी मक्रूदांचा डबा समुद्रात रिकामा केला.

आजार मज्जातंतूंचा आहे. हातपाय गेले, आता जीभ आणि गिळणं. पुढे श्वास. यावर औषध नाही, असं ट्यूनिसच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि दुसऱ्यांनीही तेच सांगितलं. तुम्हाला कळवायचं नाही, अशी त्याची शपथ होती. “दया आली म्हणून दादा बोलायला लागला, तर ते मला नको. भांडून बोलू दे.” आईच्या दफनाला तो पोचला नाही, त्यावरून तुम्ही कबरस्तानात सगळ्यांसमोर जे बोललात, ते त्याला खोडून काढायचं नव्हतंच. तुम्ही बरोबरच बोललात, असं तो म्हणायचा.

आल्यापासून तो झोपूनच आहे. शुक्रवारपासून शब्द फुटत नाही. होय असेल तर डोळे मिटतो. तुम्हाला सगळं लिहू का, म्हणून काल विचारलं. कितीतरी वेळाने डोळे मिटले. होय म्हणाला की थकला होता, ते मला सांगता येणार नाही. त्याला तबार्काला तुमच्याशी समेट करायचा नव्हता, भाऊजी, तेवढा वेळ उरलेला नाही हे त्याला ठाऊक होतं. त्याला एक गोष्ट मागायची होती, आणि ती स्वतःच्या तोंडाने मागायची होती. परतीच्या वाटेवर मला त्याने तीनदा सांगितली, कारण पहिल्या दोन वेळा मला शब्द कळले नाहीत. आईच्या पायाशी कबरेसाठी जी जागा तुम्ही स्वतःसाठी राखून ठेवली आहे, ती त्याला द्या. त्याला मी रस्त्याने घेऊन येईन. फक्त हो म्हणा, आणि लवकर म्हणा, म्हणजे त्याच्या कानात सांगता येईल.

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
तुमचीच
शाद्लिया