बिडाच्या पोटातला फोटो

४ मार्च १९७४
साताऱ्याच्या गिऱ्हाइकाच्या पंपाच्या बॉड्या पुन्हा तडकल्या. फाउंड्रीचे मालक हंबीरराव म्हणाले, कारण दावा, न्हाईतर लॅबला कुलूप घालून तुमास्नी भट्टीवर उभा करतो. मला! अख्ख्या माधवनगरात मायक्रोस्कोपला डोळा लावणारा मी एकटा. बाकी सगळे ठोंबे.

उपाय मात्र सुचलाय. तडकलेल्या बिडाचा तुकडा घासायचा, मायक्रोस्कोपखाली फोटो. पुन्हा घासायचा, पुन्हा फोटो. फोटो काचेवर छापून काचा एकावर एक रचायच्या. ग्राफाइटच्या काळ्या रेघा आतून कशा जोडल्यात आणि तडा कुठून गेला, सगळं दिसणार. थ्री-डायमेन्शनल!

९ मार्च
हंबीरराव डोकावले. घासून घासून तुकडा संपंल की वो, म्हणाले. संपणारच! पुढचा थर घासायला घेतला. गाढवापुढं वाचली गीता.

१२ मार्च
पहिले रोल घेऊन सांगलीला, भूपालच्या स्टुडिओत. हा मुलींचे लग्नाला दाखवायचे फोटो काढणारा. कसले फोटो हायत, विचारत होता. म्हटलं, तुला कळून उपयोग नाही. काचा स्वच्छ पाहिजेत, डाग चालणार नाही. घाबरला. लय झाक करून देतो साहेब, म्हणाला. दरारा असावा लागतो.

१८ मार्च
तुकडा संपला, शेवटचा रोलही भूपालकडं गेला. भुगा झाडून टाकला. साताऱ्याचे साहेब गुरुवारी येणार. भाषण तयार, इंग्रजीत. भूपालकडून येणारं काचांचं पाकीट त्यांच्यासमोरच फोडीन.

२१ मार्च
फोडलं. काचा रचल्या. कोऱ्या! एक रेघ नाही. काचांच्या पलीकडून हंबीरराव माझ्याकडं बघत होते. साताऱ्याचे साहेब म्हणाले, बिडात दोषच नाही म्हणता, मग बॉडी तडकली कशी?

भूपालला गाठलं. तो खुशीत. आवं साहेब, सगळीकडं काळं डाग हुतं, निगेटिव्हवर पेन्सिलीनं एकेक बुजवला, रिटचिंगचं पैसं घ्यायचो न्हाई. ग्राफाइट ग्राफाइटनंच बुजवलं मूर्खानं!

२२ मार्च
पेन्सिल ॲसिटोननं पुसायला गेलो. फिल्मच विरघळली. हल्ली फिल्म फारच निकृष्ट येते.

२५ मार्च
भट्टीवर. तात्पुरतं. इथली माणसं माझ्या लायकीची नाहीतच. पुण्याला अर्ज करतोय.

३० मार्च
अर्जाला फोटो हवा. दुसरा स्टुडिओ बंद. भूपालनं खुर्चीत बसवून हनुवटी वर धरायला लावली. गालावर भट्टीच्या ठिणगीचा डाग पडलाय. ठेवू का काढू, म्हणाला.

आता विचारतोय!

काढ म्हटलं.